फुलांच्या चौकटीतला देवसिंग

७ मे २००७
ही वही फिल्मवाल्या तमन्नाबाईंनी लखनला दिली होती. शेतात रोज काय केलं ते लिहायला. माझ्या नातवाने पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि दमला. आठ दिवस वही कोठीवर पडून होती. मी म्हटलं, उंदरांना देण्यापेक्षा मला द्या. मला अक्षर येत नाही, पण बोलता येतं, आणि ते कोणाला थांबवता येत नाही.

नातसून बबिता दहावी पास आहे. मी सांगते, ती लिहिते. तिने विचारलं, "दादी, तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहू, का शाळेसारखं?" मी म्हटलं, लोकांचं तसंच ठेव. माझं थोडं धुऊन घे, पण पिळू नको. आणि वाचून कोणालाही दाखवायचं नाही. तमन्नाबाईंना तर मुळीच नाही.

मी मानीबाई. पांढरकवड्याहून दोन कोसांवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा. एक मुलगा, देवसिंग. त्याची बायको लवकर गेली. त्याचा मुलगा लखन, आणि लखनची बायको ही लिहिणारी. नऊ एकर जमीन, आणि वीस वर्षं नऊही एकर कापूस. मागच्या साली लाल्या रोग आला, पानं लाल झाली आणि देवसिंगचे डोळेही. तेव्हा लखन-बबिताने तीन एकर मागितले. विष नाही, सरकी नाही, सगळं मिसळून पेरायचं. देवसिंग महिनाभर हो म्हणेना. शेवटी म्हणाला, "बारा महिने. पुढच्या मिरगापर्यंत. त्या तीन एकरांत घर जेवलं तर ठीक, नाही तर बांधापासून बांधापर्यंत कापूस, अन् लखन राजूरले कोयल्याच्या ट्रकवर."

नागपूरच्या एका संस्थेला उजाड जमिनीचं असं शेत कसं उभं राहतं त्याची फिल्म काढायची होती. त्यासाठी तमन्नाबाई दोन-दोन महिन्यांनी येणार. म्हणजे आमचं भांडण आता नागपूरचे लोक खुर्चीवर बसून पाहणार.

१२ मे
तमन्नाबाईंच्या कॅमेरेवाल्याला ऊन लागलं. तो परत गेला. त्याच्या जागी पांढरकवड्याचा जमीर धरून आणला. नाक्यावर पंप दुरुस्त करणाऱ्या गफ्फारमियांचा पोरगा. आजवर फक्त लग्नं काढलेली. त्याने शेणखताचा खड्डा पाच बाजूंनी काढला, नवरी मांडवात येते तसा हळूहळू. मला म्हणाला, "दादी, खड्ड्याकडं पाहून थोडं हसा ना."

मी म्हटलं, "बाप्पा, खड्ड्याकडं पाहून हसाचं माहं वय नाही राह्यलं."

तमन्नाबाईंनी लखनला विचारलं, उताराला आडव्या चऱ्या का खणल्या? लखन विचार करताना बायकोकडे पाहतो, सवय आहे त्याला. बबिता कॅमेऱ्यामागून हाताने पाणी वाहून दाखवत होती, मग जिरवून दाखवत होती. लखनने फार छान उत्तर दिलं. माझा नातू हुशार आहे.

जाताना जमीरने त्याच्या कामाची सीडी तांड्याच्या नायकाच्या घरी लावून दाखवली. सगळं वऱ्हाड एकेक करून झेंडूच्या गोल चौकटीत येतं, मागे सनई, वरून बदाम उडतात. आम्हाला फार आवडली. तमन्नाबाईंनी डोकं धरलं होतं. ऊन लागलं असेल.

२१ जून
आज पेरणी. बबिता सासऱ्याशी तोंडाने बोलत नाही, आमच्यात तशी रीत आहे. ओढणी पुढे घेऊन ती मला सांगते, मी त्याला सांगते. तो दोन हातांच्या अंतरावर उभा असतो, सगळं ऐकू येतं, तरी मी सांगेपर्यंत तो आभाळाकडे पाहतो. आणि इकडचं तिकडे नेताना मी थोडं मीठ घालते. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठच वाहायचे, रक्तातच आहे.

बबिता म्हणाली, "दादी, मामाजींना विचारा, आज बैलजोडी मिळेल का?"

मी म्हटलं, "देवसिंग, सून म्हणते, तुहे बैल तुह्यासारखेच रिकामे बसून राह्यले, दे ना आज."

देवसिंग म्हणाला, "सांग तिले, घेऊन जा. पण त्याईले फिलिममदी नाचवू नका."

ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी, बरबटी म्हणजे चवळी, वाल, मका. बांधाला शेवगा, एरंडी, भोपळे. टोपल्याच टोपल्या. देवसिंग बांधावर उभा राहून म्हणाला, "हे वावर होय का आठवडी बाजार?" मग स्वतःच्या सहा एकरांत सरकी लावायला गेला. बांध ओलांडून आत काही आला नाही.

८ जुलै
पाऊस. उद्याही पाऊस दिसतो. शेळीने जमीरच्या कॅमेऱ्याचा पट्टा खाल्ला, पण अर्धाच.

१४ ऑगस्ट
दहा झाडांचा पाला गोमूत्रात महिनाभर कुजवून बबिताने किडीचं औषध केलं. वास असा की किडीचं माहीत नाही, पाहुणे नक्की मरतील. तमन्नाबाई नाकाला रुमाल लावून लखनला प्रश्न विचारत होत्या. रुमालातून काय विचारलं ते त्याला कळलं नाही, पण उत्तर दिलं. बबिताने आधीच सांगून ठेवलं होतं.

पलीकडच्या तांड्यातला पूनमसिंग गेला. देवसिंगच्या बरोबरीचा, दोघे मिळून गुरं राखायचे. कसा गेला ते मला कोणी नीट सांगत नाही, मी विचारलं की सगळे एकदम चहा प्यायला लागतात. तेव्हापासून देवसिंग संध्याकाळी बांधावर एकटा बसतो. लहानपणी रुसला की असाच बसायचा आणि गूळ दिला की यायचा. मी गूळ नेऊन दिला. त्याने हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. पन्नाशीत रुसवे जरा लांबतात. जमीरने लांबून त्याला कॅमेऱ्यात घेतलं.

बबिताने फवारणीचे डबे उचलून स्वतःच्या लोखंडी पेटीत घातले आणि कुलूप लावलं. मी म्हटलं, तुमच्या तीन एकरांत विष नको ते ठीक, पण त्याच्या कपाशीला लागेल ना? "लागलं की मीच काढून देईन, दादी," म्हणते. कंजूष आहे. लिही म्हटलं, कंजूष. तिने लिहिलं.

१० सप्टेंबर
उद्या पोळा. माझी बहीण जमनी कळंबकडून आली. दोन वर्षांनी भेट. आमच्यात बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून रडतात, आणि तेही चालीत. रडता रडता सगळं सांगायचं, कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाची म्हैस आटली, जावई कसा निघाला. जमनी आणि मी वाटेवरच सुरू झालो. तिचा आवाज अजून तांडाभर जातो. माझाही काही कमी नाही.

रडून झाल्यावर तंबाखू मळली, तर समोर तमन्नाबाई. डोळे भरलेले. "आजी, कोण गेलं हो?"

जमनी म्हणाली, "कोणी नाही वं माय. माही म्हैस गाभण राह्यली."

मग त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली. जमीरने सगळं काढलं होतं. "लय भारी आलं दादी," म्हणाला, "एवढं तर नवरीही नाही रडत."

२८ ऑक्टोबर
रानडुकरांनी मका खाल्ला. बरबटीवर मावा पडला. बबिताचं वासाचं औषध तीनदा मारून झालं, मावा आहे तिथेच आहे. मला वाटतं त्याला चव लागली. कोणी विचारलं नाही म्हणून इथे सांगते, मला या तीन एकरांचा भरवसा वाटत नाही. मी ज्वारीच्या वावरातच वाढले, म्हणून तर मला माहीत आहे की ज्वारीही दगा देते. पण हे त्या दोघांसमोर बोलत नाही. फक्त हिला लिहायला सांगते.

लिहिणारीचं पेन जरा जोरात चाललं.

१६ डिसेंबर
ज्वारी कापून झाली. मावा थंडीने गेला का औषधाने, ते त्यालाच माहीत. बरबटी पुन्हा फुटली. तुरीला शेंगा लटकल्या आहेत.

देवसिंगचा कापूस दोन वेचणीत संपला. आज तो बांधावरून कणसांच्या ढिगाकडे पाहून म्हणाला, "ज्वारी तर माहा बाप बी पेरे. यात फिलिम कायची?" मी बबिताला येऊन सांगितलं, सासरा म्हणतो बरं पिकलं. कधी कधी मीठ काढूनही घ्यावं लागतं.

पण बारा महिन्यांचं बोलणं तो विसरला नाही. राजूरला कोणाशी तरी बोलून लखनसाठी ट्रकवर जागा धरून आला आहे. "मिरगाले लागल ना," म्हणाला. बबिता चुलीपाशी होती. तिने ऐकलं. भाकर जळाली. असं कधी होत नाही.

२ जानेवारी २००८
जमीर आला होता. तमन्नाबाईंनी संस्थेला दाखवायला पाच मिनिटांचा नमुना जोडला आहे, बोलणं अजून भरायचं आहे. त्याची एक प्रत याच्याकडे होती. याने त्याच्या हाताने जरा सजवली आणि पांढरकवड्याच्या केबलवर तीन दिवस लावून दिली. "दादी, तुम्ही पुऱ्या बाजारात दिसून राह्यल्या." आमच्या तांड्यात केबल नाही. मोबाइलची रेंजही चिंचेवर चढलं तरच येते. मी विचारलं, मी कशी दिसते? म्हणाला, हिरोईन. खोटारडा आहे, पण संस्कारी.

४ जानेवारी
आजचं सगळं सांगायला दोन दिवस लागतील, पण आजच सांगते.

सकाळी मी दारात तूर सोलत होते. वाटेवरून माझी मुलगी सुखी धावत येताना दिसली. कळंबजवळ दिली आहे, दिवाळीलाही आली नव्हती. ओढणी खाली, केस सुटलेले. येऊन माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. लेक भेटली, मीही रीतीप्रमाणे सुरू झाले. ती वरचा सूर धरते, मी खालचा. मी रडत सांगतेय, दिवाळी सुनी गेली गं बाई, तुझ्या वाटेकडे डोळे लागले. ती रडत सांगतेय, वीरा माझा, वीरा माझा. वीरा म्हणजे आमच्या बोलीत भाऊ. मला वाटलं, भावाची आठवण आली, येतेच.

तेवढ्यात मागून तिच्या जावा आल्या, मग नणंदा, मग जमनी. एक मेटाडोर भरून बाया आणि एक भरून माणसं. त्यांनी पाहिलं की आई-लेक गळ्यात पडून रडताहेत. म्हणजे खरंच. मग सगळ्याच सुरू. आता चाळीस जणी रडत असताना मी एकटीने थांबून "काय झालं?" विचारणं बरं दिसतं का? मीही वाढवलं.

सुखी गात होती, मला पाठीवर घेऊन नाला ओलांडणारा माझा वीरा, स्वतःची अर्धी भाकर मला देणारा माझा वीरा, सासरी पहिल्या वर्षी खांद्यावर बकरीचं पिल्लू घेऊन चालत आलेला माझा वीरा, आता मिरगाचा नांगर कोण धरील? इथे मी थांबले. नांगर कोण धरील म्हणजे काय? नांगर धरणारा तर आत्ताच कडबा आणायला गेला होता.

"सुखी," मी म्हटलं, "कोण मेलं वं?"

ती माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. तिला वाटलं, दुःखाने आईचं डोकं गेलं.

आणि कडब्याच्या गंजीमागून देवसिंग पुढे आला. केव्हापासून उभा होता कोण जाणे. डोळे लाल, मिशा ओल्या. सगळ्यांचं रडणं एका क्षणात बंद. तो सुखीला म्हणाला, "ते पिल्लू म्या नाही आणलं वं. ते बापूनं आणलं होतं."

सुखीने आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग एक ठेवून दिली. चांगली, आवाज आला. मग त्याला धरून पुन्हा रडली, पण या वेळी चालीत नाही.

मग उलगडलं. सुखीचा दीर खेमसिंगने पांढरकवड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर टीव्ही पाहिला. त्यात देवसिंग बांधावर एकटा बसलेला. मग त्याचा चेहरा थांबला, आणि भोवती जमीरची झेंडूची गोल चौकट. मागे सनई, नवरी निघताना लावतात ती. आणि लगेच पुढे मी आणि जमनी, गळ्यात गळा घालून. माणूस फुलांच्या हारात, आणि पाठोपाठ आई रडते आहे. याचा अर्थ बारक्या पोरालाही कळतो. खेमसिंगने लखनला फोन लावला, लागला नाही. लखन चिंचेवर नव्हता.

दुपारी गफ्फारमिया आले, जमीरला मानेला धरून. "भाभीजी, या नालायकाले विचारा, जित्या माणसाले हार घातला!"

जमीर म्हणाला, "अब्बा, म्या तर इज्जतीनं घातला. लग्नात सगळ्याईले घालतो."

देवसिंग म्हणाला, "राहू द्या मियाभाई. चौकट चांगली होती म्हणते खेमसिंग."

सहा महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. माझा रुसका पोरगा.

५ जानेवारी
रडायला आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. मेलेल्याच्या घरासाठी शेजारी चूल पेटवतात, पण आमच्या घरी मेलेलाच नव्हता, मग चूल आमचीच. ऐंशी माणसं, काल दोन वेळा आणि आज सकाळ.

मी हिशोब लावत होते की बाजारात कोणाला पाठवावं. बबिता म्हणाली, "दादी, मामाजींना सांगा, टोपली घेऊन तीन एकरांत चला." या वेळी मीठ घालायला मला सुचलंच नाही. तसंच सांगितलं. देवसिंगने टोपली उचलली आणि बांध ओलांडून आत गेला. पहिल्यांदा.

मी मागून गेले. मला वाटेत बसावं लागलं, पण ऐकू येत होतं. "हे काय होय?" तो लखनला विचारायचा. लखन बबिताकडे पाहायचा. बबिता लखनला सांगायची, लखन बापाला. तीन घरं फिरून वालाच्या शेंगेचं नाव कळायचं. दोन ओळी झाल्यावर देवसिंग लखनकडे पाहायचा बंद झाला आणि थेट शेंगेला विचारायला लागला. उत्तर ओढणीतून यायचं.

ज्वारीच्या भाकरी, तुरीच्या दाण्याची आमटी, बरबटी, वाल, भोपळ्याची भाजी, अंबाडी, तिळाची चटणी. विकतचं फक्त मीठ आणि तेल. देवसिंग खांद्यावर भोपळा घेऊन आला तेव्हा खेमसिंग म्हणाला, "पाहा, मेलेला माणूस ओझं वाहून राह्यला." जेवणं उठली तरी तुरीची ओळ अर्धीही तोडलेली नव्हती. देवसिंग सहा एकरांकडे पाहून म्हणाला, "तठूनच आणाचं असतं तर काय वाढलं असतं यायले? कापूस?"

निघताना सुखी माझ्याजवळ बसली. म्हणाली, "याडी, माय वं, मले खबर खरी वाटली, त्याचं काही नाही. पण एकानंही म्हटलं नाही की असं कसं होईन. सगळे म्हणे, हो, होऊ शकते. सगळ्याईले इतक्या लवकर खरं वाटलं, त्याचं भेव वाटते."

मी म्हटलं, खेडवळ माणसं, टीव्हीवर दिसलं की विश्वास ठेवतात. बबिताने इथे पेन खाली ठेवलं आणि ओढणीने डोळे पुसले. चुलीचा धूर, म्हणाली. चूल तर केव्हाच विझली होती.

९ जानेवारी
तमन्नाबाई नागपूरहून धावत आल्या. चेहरा उतरलेला. देवसिंगचं सगळं चित्र काढून टाकते म्हणाल्या, हात जोडले. देवसिंग म्हणाला, "राहू द्या ना बाई. म्या बसलो होतो ते खरंच होतं. फक्त फुलं काढा."

मग त्यांनी बबिताला कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि लखनला मागे उभं केलं. आठ महिने नुसतं हात हलवून सांगणारी पोरगी तासभर बोलली. लखन मागून मान हलवत होता. बायकोला एवढं येतं हे त्याला आधीपासून माहीत होतं असं दिसलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

९ जून
परवा मिरग लागला. बारा महिने झाले. राजूरहून दोनदा निरोप आला, ट्रकची जागा रिकामी आहे, येतो का. लखनने मला विचारलं, "दादी, बापू काय म्हणते?" मी काय सांगू? देवसिंग पाच महिने त्या गोष्टीवर बोललाच नाही, आणि मी त्याच्या पोटातलं ओळखते असं मला उगीच वाटतं.

काल एक सर पडली. आज उजाडता देवसिंगने बैल जुंपले, तिफण घेतली. आम्ही सगळे दारात. वाट फुटते तिथून डावीकडे सहा एकर, उजवीकडे तीन. लखनने माझा हात धरला होता, लहानपणी धरायचा तसा.

देवसिंग उजवीकडे वळला. आम्ही मागे. तीन एकरांच्या तोंडाशी त्याने बैल उभे केले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, लखनकडेही नाही. ओढणी पुढे घेऊन बबिता टोपलीत बी मिसळत बसली होती. तिलाच म्हणाला, "पोरी, कोठून सुरू करू? अन् हे झालं की माह्या सहा एकरातला कोणता तुकडा घेतं, तेही सांग."

मी तोंड उघडलं, सवयीने, निरोप घ्यायला. पण बबिता उभी राहिली आणि स्वतःच बोलली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना गेला. "मामाजी, आज नाही. वीतभर ओल नाही अजून. चार दिवस थांबा."

चाळीस वर्षांत मिरगाची तिफण देवसिंगने कोणाच्या सांगण्यावरून थांबवली नाही. माझ्या नाही, बापाच्या नाही, आभाळाच्याही नाही. तो खाली वाकला. माती मुठीत घेऊन दाबली आणि सोडून पाहिली.

आणि बैल सोडले.

हे शेवटचं बबिता लिहीत नव्हती. माझंच कौतुक वाटतं म्हणाली. मी दोनदा सांगून लिहून घेतलं.